सुईवरून न गळलेले कार्ड

१. रिकामी चटई

सुई आरपार गेली, कार्डांचा गठ्ठा वर उचलला गेला, आणि खाली अंथरलेल्या चटईवर एकही कार्ड गळले नाही.

धामणखेडच्या भीमनगरातील वाचनालयात त्या सकाळी जमलेल्या मंडळींनी श्वास रोखून धरला होता. वच्छला मास्तरीणबाईंनी सुई काढली, दुसऱ्या भोकात घातली, पुन्हा गठ्ठा उचलून हलविला. चटई तशीच कोरी राहिली. तिसऱ्या वेळीही तसेच झाले.

"बाई, नागपूरचं भोक हेच ना?" लिलाबाईने विचारले. तिच्या आवाजात भीती होती.

"हेच." वच्छला म्हणाली. "सुई खोटं बोलत नाही, लिलाबाई. चंपामावशीचं गाणं या पेटीत नाही."

ज्यांनी ती पेटी पाहिली नसेल त्यांच्यासाठी तिची हकीकत सांगणे भाग आहे. गावातील आयाबायांची जात्यावरची, पाळण्याची, शेतातली गाणी वच्छला आणि तिचा थोरला भाऊ देवमन यांनी चार वर्षे खपून जाड कार्डांवर उतरवून घेतली होती. एक गाणे, एक कार्ड. प्रत्येक कार्डाच्या वरच्या कडेला भोकांची रांग होती आणि प्रत्येक भोक एकेका शब्दाचे होते: पाणी, जाते, माहेर, बैल, पाय, नागपूर. गाण्यात तो शब्द आला की त्या भोकापासून कडेपर्यंत कात्रीने खाच पाडायची. मग स्वेटर विणायची लांब सुई त्या भोकातून घालून सगळा गठ्ठा उचलला, की ज्यांना खाच नाही ती कार्डे सुईला लटकून राहत आणि ज्यांना खाच आहे ती आपोआप खाली गळत. लग्नघरची बाई येऊन म्हणे, "हयदीचं गानं पायजे," आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच गाणे तिच्या पदरात पडे.

पेटीच्या झाकणावर वच्छलेच्या वळणदार अक्षरात नियम लिहिला होता: "ही युक्ती कोणाच्याही मालकीची नाही. ज्याला हवी त्याने पाहावी, करून न्यावी, सुधारावी. आणि जी सुधारणा केली ती येथे परत येऊन सांगावी." त्या नियमाच्या आधाराने आसपासच्या कितीतरी गावांनी आपापल्या पेट्या बनविल्या होत्या.

चंपाबाईंचे गाणे मात्र निराळे होते. छप्पन साली धम्मदीक्षेसाठी नागपूरची वाट पायी तुडविताना त्यांनी ते मनाशी जुळविले, आणि पुढे वीस वर्षे पहाटे जात्यावर एकट्याने म्हटले. गेल्या हिवाळ्यात देवमनने त्यांच्या शेजारी बसून ते उतरवून घेतले. महिनाही लोटला नाही तोच चंपाबाईंवरून वारे गेले, आणि त्यांची वाचा कायमची बसली. आता ते गाणे पृथ्वीच्या पाठीवर एका कार्डावर तेवढे उरले होते. वैशाखी पौर्णिमेला नवे विहार उघडायचे होते, आणि त्या दिवशी चंपाबाईंना समोर बसवून त्यांचे गाणे त्यांना ऐकवायचे, असा शब्द वच्छलेने दिला होता. पौर्णिमा परवावर आली होती.

"शेवटी पेटीजवळ कोण बसला होता?" वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष जानराव यांनी घसा खाकरून विचारले. तहसील कचेरीत कारकुनीत हयात घातलेला तो माणूस साधा प्रश्नही पंचनाम्यासारखा विचारी.

मग लिलाबाईच हळू स्वरात म्हणाली, "तांड्यावरचा सेवादास बसला होता ना परवा सांजच्याले."

त्या नावासरशी खोलीतील हवाच पालटली.

"तरी मी सांगत होतो," जानराव म्हणाले, "सार्वजनिक वस्तूला मालक नसतो म्हणून राखणदारही नसतो. पौर्णिमेच्या सभेत ठराव मांडतो. पेटीला कुलूप, किल्ली एका माणसाच्या हाती, आणि त्या पोराला या उंबऱ्याच्या आत पाऊल नाही."

वच्छला चटईवर बसून कार्डे पेटीत लावू लागली. कोणीतरी मागून येऊन तिच्या हाती पाण्याचा गडवा दिला. तो देवमन होता. कारंज्याच्या एका छापखान्यात तो बाइंडर होता. सुट्टीच्या दिवशी पहिल्या एसटीने, एरवीही कधीमधी सांजेच्या गाडीने गावी येई, तो थेट वाचनालयात शिरे. ही पेटी त्याने जोडली, ही भोके लोखंडी पट्टीच्या मापाने त्याने पाडली, कोपऱ्यातल्या माठावरची "पिण्याच्या पाण्याची सोळ" ही निळी पाटीही त्यानेच रंगविली. चौथीतून शाळा सोडून तो कामाला लागला, म्हणून वच्छला शिकू शकली, हे सारे गाव जाणत होते. पोरांच्या वह्यांवर लाल शाईचा पाऊस पाडणाऱ्या वच्छलेने त्या पाटीला मात्र कधी बोट लावले नव्हते. कोणी हसलेच, तर ती डोळे वटारी.

"पी पानी, वच्छे," देवमन तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला. "जिवाले लावून नोको घेऊ. पेटीले कुलूप लागू दे एकडाव. गानं आपोआप सापडते पाय."

त्या मायेच्या शब्दांनी तिला धीर आला. त्या शब्दांत काय दडले होते, ते तिला तेव्हा कळले नाही.

२. तळव्यावरची बोटे

वच्छलेने विचार केला, रडून गाणे परत येत नाही. ते शोधावे लागते. प्रथम ती जानरावांच्या ओसरीवर गेली.

"काका, तुम्ही पेटी स्वतः पाहिलीत?"

"एकूण एक कार्ड उलटलं. मथळे तपासले. 'गाणारी: चंपाबाई' असा मथळा कुठंही नाही."

"आतला मजकूर वाचला?"

"मथळा असताना मजकूर वाचायचा, तर कचेऱ्या चालल्या असत्या का, मास्तरीणबाई?" जानराव दुखावल्यासारखे झाले. मग आवाज उतरवून म्हणाले, "माझ्यावर संशय असेल तर सरळ म्हणा. मला कुलूप पाहिजे, हे मी लपवलं नाही. पण चंपावहिनीच्या गाण्याला हात लावीन, तर हा हात झडो. त्या वाटेनं मीही चाललो होतो."

त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळले, आणि ते खोटे नव्हते.

तेथून ती चंपाबाईंच्या घरी गेली. लिलाबाई, त्यांची सून, सासूला पेज भरवीत होती.

"खरं सांग लिलाबाई. गाणं पेटीत ठेवायला तुझा विरोध होता ना?"

"होता, अन् आताबी हाय!" लिलाबाईने वाटी खाली आपटली. "माह्या सासूचं गानं. कोनीबी यावं, सुई खुपसावी, अन् घेऊन जावं? गानं हाय का बाजारातलं वांगं? पन मी कायले चोरीन, वं? मले वाचता येते का? माह्यासाठी सारे कारडं सारखेच काये."

"तुला आठवतं का त्यातलं काही?"

"पहाटी झोपीत कानावर यायचं. झोपीतलं कोनाले आठोते?"

वच्छला खाटेजवळ बसली. चंपाबाईंचे निम्मे अंग लुळे होते. डोळे मात्र टक्क जागे. "मावशी," ती म्हणाली, "मी शब्द म्हणते. तुमच्या गाण्यात असला, तर खूण करा. पाणी?"

चंपाबाई निश्चल.

"माय? ऊन?"

म्हातारीचा चांगला हात सावकाश सरकला. तो लुगड्याच्या काठाखाली गेला, आणि तिची बोटे स्वतःच्याच तळव्यावर फिरू लागली, जणू जुने फोड चाचपीत होती.

"पाय!" लिलाबाई ओरडली. "पायच म्हनून राह्यली थे!"

चंपाबाईंच्या डोळ्यांतून घळकन पाणी आले.

वच्छला धावतच वाचनालयात परतली. तिने 'पाय' या भोकातून सुई घातली आणि गठ्ठा उचलला. तीन कार्डे गळाली. एकात गाईच्या पायाचे कौतुक होते, एकात नवरीच्या पायातल्या जोडव्यांचे, आणि एक होते लेकराच्या पहिल्या पावलाचे.

चंपाबाईंचे पाय त्यांत कोठेच नव्हते.

३. तांड्यावरची सुधारणा

मानोऱ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या तांड्यावर वच्छला पोहोचली, तेव्हा उन्हे कलली होती. अंगणात सेवादासची आई नानीबाई आरशांचा घागरा, लमाणी फेट्या, सारखा करीत बसली होती. तिने पाहुणीला पाणी दिले, पण जिभेवरचा निखारा काही विझविला नाही.

"झडती घ्यायले आली का, मास्तरीनबाई? घे. कोठ्या पाय, चुलीत पाय. तांड्याचा मानूस दिसला का तुमच्या गावाले पह्यले चोरीच आठोते."

"मी झडती घ्यायला नाही, विचारायला आले, नानीबाई."

"बाई, बसा," सेवादास आतून आला. विशीतला पोरगा, डोळे खोल गेलेले. "मायचं मनावर नोका घेऊ. इचारा."

"त्या संध्याकाळी तू पेटीजवळ काय करत होतास?"

"तुमचा नियम पाळून राह्यलो होतो." तो कडवट हसला. "करून न्यावी, सुधारावी, अन् परत येऊन सांगावी. म्या सुधारली. सांगायले आलो होतो."

"काय सुधारलंस?"

त्याने आपली पेटी बाहेर आणली. ती बांबूची होती, कार्डे तळहाताएवढी, भोके दाभणाने पाडलेली. लमाणी गाणी त्याने देवनागरीत उतरवून घेतली होती.

"आमच्या जमनाबाईचं एक गानं होतं, इहिरीचं. सुई घातली तं गयेना... म्हंजे गळेना." तो थांबून किंचित हसला. "तुमच्या गावात बसून बसून माह्याबी जिभीले तुमचा य लागून राह्यला, बाई. तुमी शाळेले शाया म्हनता, काळ्याले काया. आमच्या तांड्यात रांगतं पोरगंबी ळ बराबर म्हन्ते. तं पायलं, तं खाच पाडायचीच राहून गेल्ती! गानं पेटीत, अन् सुई म्हने नाई. मंग माह्या ध्यानात आलं. सुई थेच सांगते, जे खाच पाडनाऱ्यानं तिले सांगतलं. कागदावर काय हाय, थे तिले काय मालूम?"

वच्छला ताठ बसली.

"मंग आमी काय करतो, कारडं वाचनाऱ्या पोरायमंदी वाटून देतो. एक जन शबद पुकारते. हरेक जन आपली ओय न् ओय वाचते. जिथं शबद दिसला, थो हात वर करते. टाइम लागते, पन चकवा नाई."

"इतकी मोलाची गोष्ट, आणि मला कोणी सांगितली नाही!"

सेवादास तिच्याकडे पाहतच राहिला. "तुमी शाळेतून आल्या नव्हत्या, म्हनून देवमनदादाले सांगतली. पुरी. हात धरून म्हने, 'तू जाय बापा, वच्छीले मी सांगतो.' त्यायनं नाई सांगतलं?"

वच्छला उठून परतीच्या वाटेला लागली. दादा विसरला असेल, असे तिने स्वतःला बजावले. छापखान्याचा थकवा, एसटीचे हाल, विसरणारच माणूस. रस्ताभर ती हेच घोकीत होती, आणि एखादी गोष्ट इतकी घोकावी का लागते आहे, हा प्रश्न सावलीसारखा तिच्या मागून चालत होता.

४. कानाची पाळ

दुसऱ्या दिवशी सकाळी वाचनालयात वाचता येणाऱ्या सगळ्या पोरीसोरी आणि सासुरवाशिणी गोळा झाल्या. वच्छलेने कार्डे वाटली. सेवादासला तिने मुद्दाम आपल्या शेजारी बसविले. जानराव दाराशी घुम्यासारखे उभे राहिले, पण त्यांनी अडविले नाही. देवमन त्या दिवशी कारंज्याला कामावर होता. सांजेच्या गाडीने येणार होता.

"शब्द आहे: पाय," वच्छलेने पुकारले. "एकही ओळ सोडू नका."

ओठ पुटपुटू लागले. काल गळालेलीच तीन कार्डे वर झाली. बाकी काही नाही. पुन्हा एकदा वाचले. काही नाही. सेवादासचा चेहरा उतरला.

इतक्यात गोमतीबाईची सून फिसकन हसली.

"काय झालं वं?"

"बाई, पाय तं नाई, पन माह्या कारडात 'पाळ' हाय. 'पाळ भाजले गे आई.' पाळ म्हंजे काय, वं?"

"कानाची पाळ असन," एकजण म्हणाली.

"कानाची पाळ कशी भाजते?"

"नवऱ्यानं कान भरला असन गरम गरम!"

हशाची एकच लाट उठली. वच्छला मात्र हसली नाही. तिने हात पुढे करून ते कार्ड घेतले. मथळा होता: "गाणारी: अज्ञात. विषय: उन्हाळा." खाच फक्त उन्हाळ्याची पाडलेली. अक्षर छापील वळणाचे, कोणाचेच वाटू नये असे. आणि खाली:

पाळ भाजले गे आई, फोड फोडास भेटला
निळा झेंडा दिसताच माझा शीण सर्व मिटला

तिने ते एकदा वाचले. मग मनातल्या मनात शुद्ध भाषेचा तो अंगरखा उतरवून पुन्हा वाचले, आणि तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तशीच उठून ती चंपाबाईंच्या खाटेशी गेली, आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणू लागली:

पाय भाजले वं माय, फोड फोडाले भेटला
निया झेंडा दिसताच माहा शीन सारा मिटला

चंपाबाईंचा चांगला हात उचलला गेला. तो हवेत गोल फिरू लागला. एका अदृश्य जात्याचा खुंटा धरून, लयीत, न चुकता. लिलाबाईने पदर तोंडात कोंबला.

"सापडलं!" दाराबाहेर गलका झाला. "गानं सापडलं!"

वच्छला कार्ड छातीशी धरून तशीच उभी होती. गाणे सापडले होते. पण त्याच्याबरोबर आणखीही काही सापडले होते, आणि ते सापडण्यापेक्षा तिची दृष्टी गेली असती तर बरे झाले असते.

५. सोळ

सांजेला वाचनालयासमोरच्या पिंपळाच्या पारावर कमिटी बसली. देवमन नुकताच एसटीतून उतरून आला होता. पिशवी अजून खांद्याला होती. गाणे सापडल्याचे त्याला वाटेतच कळले होते.

"ठराव मांडण्यापूर्वी मला बोलू द्या," वच्छला म्हणाली. तिचा आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता, पण ती कोणाच्याही तोंडाकडे पाहत नव्हती. "चंपामावशीचं मूळ कार्ड कोणीतरी नाहीसं केलं. पण गाणं नाहीसं केलं नाही. दुसऱ्या कार्डावर उतरवलं, भाषा बदलली, मथळा बदलला, खाचा बदलल्या, आणि त्याच पेटीत परत ठेवलं. का? वैऱ्यानं जाळलं असतं. ज्यानं लपवलं, त्याला ते पुढं स्वतः काढून दाखवायचं होतं."

"बरोबर आहे," जानराव पुटपुटले.

"आता हे कार्ड पाहा. आपल्या पेटीतलीच जाडी, आणि भोकं इतकी नेमकी, की सुई कुठंही अडत नाही. ही भोकं आपल्या लोखंडी पट्टीवर ठेवून पाडलेली आहेत. सेवादासकडे दाभण आहे. त्याची भोकं वाकडीतिकडी. मग त्यानं केलं नाही. लिलाबाईला लिहिता येत नाही. राहिले जानरावकाका."

जानरावांनी मान ताठ केली.

"काकांनी जन्मभर कचेरीत लिहिलं. त्यांची लेखणी 'पाय'ला 'पाळ' कधीच करणार नाही. आणि सेवादासच्या जिभेला ळ जड नाही. त्यालाही ही चूक सुचणार नाही. ही चूक फक्त आपल्या माणसाची, वऱ्हाडी माणसाची. ज्याला जन्मभर सांगितलं गेलं, की तू काळ्याला काया म्हणतोस, तू अडाणी. म्हणून लिहायला बसला, की तो प्रत्येक य खोडून ळ करतो. निया झेंड्याचा त्यानं निळा केला. बरोबर केला. त्याच नियमानं पायाचा पाळ केला." ती थांबली. ती वाचनालयाच्या दाराकडे वळली. "त्याच नियमानं तो सोयीला सोळ लिहितो."

क्षणभर कोणाला उमगले नाही. मग एकेकाची मान वळू लागली. उघड्या दारातून वाचनालयाचा कोपरा दिसत होता. माठ दिसत होता. माठावरची निळी पाटी दिसत होती.

देवमनच्या खांद्यावरची पिशवी खाली पडली.

"दादा," वच्छला म्हणाली, "काहून केलं?"

तो पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. मग बोलू लागला, तेव्हा त्याचा आवाज भांडणाऱ्याचा नव्हता. फार दिवस कोंडलेल्या माणसाचा होता.

"छापखान्यात पावत्या तारेत ओवतात, वच्छे. एक दिवस तार उचलली, अन् ज्या पावतीचं भोक फाटलं होतं, थे गयून पडली. थे मी पायलं होतं. ह्या डोयानं. तू नाई. पेटी मी जोडली, भोकं मी पाडले. अन् तू झाकनावर लिवलं, युक्ती कोनाच्या मालकीची नाई."

"सगळ्यांची व्हावी म्हणून, दादा."

"सगळ्यायची झाली. माहीच नाई झाली." तो हसला. "मानोऱ्याले मास्तर लोकायनं तुह्या गयात हार घातला. मी मांगं पेटी उचलून उभा होतो. एकानं इचारलं, हा मानूस कोन? तू म्हनली, 'माझ्यासंगं आलाय.' तुले आठोते?"

वच्छलेला आठवले. सभा, गर्दी, टाळ्या. तिने मागे न पाहता दिलेले ते उत्तर. ते इतके लहान होते, की तिला त्याचे वजनच कधी कळले नव्हते.

"छापखान्याचा मालक म्हने, पितयी पट्टी लावू, 'देवमन पेटी', दुकानात ठेवू. पन फुकटची चीज कोन घेईन? आधी गावोगाव वाटनं बंद झालं पायजे. मले वाटलं, एक गानं चार दिस हरवलं, तं कुलूप लागन. किल्ली माह्याजवय येईन. मंग मीच काढून देईन. गानं मारायचं नव्हतं, वच्छे. थे मी माह्या हातानं उतरवलं होतं."

"आणि सेवादास?"

देवमनने मान खाली घातली. "त्याचं नाव मी नाई घेतलं. लोकायनं घेतलं."

"तू घेऊ दिलंस." आता तिने प्रथमच त्याच्याकडे पाहिले. "मला सांगितलं असतंस, तर झाकणावर तुझं नाव सोन्यानं लिहिलं असतं. माझ्याकडून चूक झाली होती, तर माझ्या थोबाडीत द्यायची होतीस. तो तुझा हक्क होता. पण तू एका निर्दोष पोराला चोर होऊ दिलंस. त्याची सुधारणा दाबून ठेवलीस, कारण तिनंच तू पकडला जाणार होतास. आणि चंपामावशीचं तोंड दुखण्यानं एकदा बंद केलं होतं, ते तू दुसऱ्यांदा बंद केलंस. आपल्या बोलीची तुला लाज होती, दादा. आणि माझ्या माणसाला लाज वाटू नये म्हणून मी जगाशी भांडत होते."

सेवादास उठला, खाली पडलेली पिशवी त्याने उचलली, झटकली आणि देवमनच्या हाती दिली.

"घ्या, दादा," तो म्हणाला. "शेवटची गाडी जाईन."

त्यात टोमणा होता की माया, हे कोणालाच उमगले नाही. देवमन पिशवी घेऊन रस्त्याला लागला. दोनदा थांबला. वच्छलेने हाक मारली नाही.

कुलपाचा ठराव जानरावांनी स्वतःच मागे घेतला. पौर्णिमेला विहाराच्या अंगणात चंपाबाईंना खाटेसकट आणून बसविले. लिलाबाईने गाणे म्हटले. रात्रभर पाठ केलेले, मूळच्या बोलीत, मले आणि माहा सकट, निया झेंड्यासकट. पोरी मागून झेलीत होत्या. नानीबाई तांड्यावरच्या बाया घेऊन आली होती. तिने मागे उभी राहून ऐकले, आणि जाताना वच्छलेशी न बोलता तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. चंपाबाईंचा हात अखेरच्या ओळीपर्यंत जाते फिरवीत होता.

मंडळी पांगल्यावर वच्छला वाचनालयात आली. तिने ब्रश घेतला, आणि पेटीच्या झाकणावर जुन्या नियमाखाली आपल्या वळणदार अक्षरांत दोन ओळी भरल्या: "ही युक्ती प्रथम देवमन यास सुचली. ओळ न् ओळ वाचण्याची सुधारणा सेवादास याची." जे ज्याचे, ते त्याला दिले.

मग ती कोपऱ्यात गेली. माठावरची पाटी इतकी वर्षे जशीच्या तशी होती. कितीक तपासनीस येऊन गेले, कितीक पोरे फिदीफिदी हसली. दादाच्या हातचे म्हणून तिने त्या एका अक्षराला कधी कोणाला हात लावू दिला नव्हता.

तिने ब्रश पुन्हा रंगात बुडविला, आणि सोळीची सोय केली.